करंजीच्या साच्यात पिएरोगी: पाण्यात उलू नये म्हणून काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

पिएरोगी, म्हणजे पोलंडमधल्या सारण भरून पाण्यात उकडायच्या करंज्या, करायला घेतल्या, साच्यात छान अर्धचंद्र पडले, आणि उकळत्या पाण्यात टाकल्यावर निम्म्या उलल्या. पातेल्यात बटाट्याची पेज, झाऱ्यावर रिकामी सालं. पोलंडमध्ये आणि जर्मनीत राहणाऱ्या मैत्रिणींकडून मी हेच ऐकते. पुण्यात माझ्या वहिनीनं दिवाळीचा साचा काढून करून पाहिल्या, तिच्याही अशाच झाल्या. प्रत्येकीला वाटतं की साचाच वाईट. साचा क्वचितच वाईट असतो. आपण पिएरोगी करंजीसारखी करतो, सगळी गडबड तिथे होते.

करंजी तेलात जाते. गरम तेलात पडल्याबरोबर पारीतलं पाणी उडतं आणि कड पटकन कडक होते. पिएरोगी जाते खाऱ्या उकळत्या पाण्यात. तिथे कड शिजून घट्ट होण्याआधी थोडा वेळ मऊ आणि ओली राहते, आणि त्या थोड्या वेळात तिनं स्वतःला धरून ठेवायचं असतं. त्यामुळे करंजीतल्या तीन चांगल्या सवयी इथे उलटतात: पिठाला कडकडीत मोहन, साच्याला तुपाचा हात आणि घट्ट पीठ. साचा दाबतो, चिकटवत नाही. चिकटायचं काम कणकेनंच करायचं असतं.

मी पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात राहते. माझ्या पहिल्या चाळीसपैकी अकरा फुटल्या होत्या. मजल्यावरच्या पोलिश आजी (हाक मी त्यांना रिवाजाप्रमाणे 'पानी', म्हणजे 'बाई', अशीच मारते, पण मनात आजीच) स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी साच्याकडे पाहिलंही नाही. उरलेल्या कणकेत अंगठा रुतवला, तो अर्ध्यातच अडला, आणि मान हलवून म्हणाल्या, 'पाणी कमी.' खाली लिहिलेलं बरंचसं त्या अंगठ्यापासून सुरू झालं.

एक भाषेची गोष्ट. पोलिश उच्चार 'प्येरोगी' असा आहे आणि तो शब्द मुळातच अनेकवचनी आहे. मी आपल्या करंज्यांसारखं 'पिएरोग्या' म्हणते, कारण स्वयंपाकघरात तसंच तोंडात येतं.

आधी साहित्य, म्हणजे मध्येच धावपळ नको

मध्यम साच्याच्या पन्नास-पंचावन्न नगांसाठी:

पारीसाठी मैदा ५०० ग्रॅम, गरम पाणी २५० मिली (आणखी ३० मिली हाताशी), लोणी ३० ग्रॅम, मीठ १ चहाचा चमचा.

सारणासाठी बटाटे ५०० ग्रॅम, त्फारुग २५० ग्रॅम, कांदे मध्यम २, कांदा परतायला लोणी २ मोठे चमचे, मीठ, आणि भरपूर ताजी मिरपूड.

त्फारुग म्हणजे आंबवलेल्या दुधाचं, दाबून निथळलेलं, किंचित आंबट चीज. पोलंडमध्ये कोणत्याही वाणसामानाच्या दुकानात मिळतं. भारतात असाल तर दीड लिटर गाईचं दूध उकळून वाटीभर आंबट दह्यानं फाडा, पंचात बांधून वजनाखाली तासभर ठेवा. लिंबानं फाडलेल्यापेक्षा दह्यानं फाडलेलं चवीला जवळ जातं. चक्का मात्र वापरू नका. कितीही टांगलेला असला तरी गरम झाला की तो पाणी सोडतो.

१. साचा तपासा

बिजागरीचा, अर्धगोल मिटणारा करंजीचा साचा आणि पोलंडमध्ये पिएरोगीसाठी मिळणारा साचा रचनेनं सारखेच. ७ ते ९ सेंटिमीटरचा घ्या. त्याहून मोठ्या साच्यात सारण जास्त मावतं, आणि वजनानं पारी पाण्यात ताणली जाते.

कागदाची एक अरुंद पट्टी घ्या. साच्याच्या कडेवर ठेवून साचा मिटा आणि पट्टी ओढा. कडेवर पाच-सहा ठिकाणी हेच करा. जिथून पट्टी सहज निसटते तिथे साचा वाकला आहे, आणि तुमच्या पिएरोग्या नेमक्या तिथूनच उलणार. गरम पाण्यात धुतलेले पातळ प्लास्टिकचे साचे बिजागरीच्या विरुद्ध टोकाला असे वाकतात. साचा चांगला असेल तर पुढे चला, नसेल तर नवा घ्या. यावर दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

पत्र्याच्या जुन्या साच्यांचे दात धारदार असतात. मोहनाचं घट्ट पीठ ते सहन करतं, ही मऊ कणिक कापली जाते. तसा साचा असेल तर पूर्ण दाबू नका, कडेवर नक्षी उमटेल इतकंच दाबा.

सावध: साच्याला तूप किंवा तेल लावू नका. ते कडेला लागतं, आणि तूप लागलेली कड दुसऱ्या कडेला धरत नाही. तेलात तळताना हे खपून जातं, पाण्यात नाही.

२. सारण आदल्या रात्री

सारण कोमट असेल तर पारी आतून ओली होते आणि बुडाला भोक पडतं. म्हणून ते आधी करायचं आणि थंडगार वापरायचं. सकाळी सगळं एकदम करायला घेणं ही सर्रास होणारी चूक आहे.

बटाटे सालासकट उकडा, म्हणजे पाणी पीत नाहीत. गरम असतानाच सोला आणि पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्र या कामाला उत्तम: गुठळी राहत नाही आणि वाफ निघून जाते. मिक्सरमध्ये कधीच फिरवू नका, बटाट्याचा डिंक होतो. परातीत पसरून पूर्ण गार करा.

कांदा अगदी बारीक चिरून लोण्यात मंद आचेवर सोनेरी करा आणि चाळणीवर निथळा. खाली जमलेलं लोणी टाकू नका, शेवटी वाढताना वरून घालायचं आहे. त्फारुग हातानं मोकळं करा, बटाटा आणि कांदा मिसळा, मीठ-मिरपूड घाला. चव घेताना सारण नुसतं खाल्ल्यावर किंचित खारट वाटलं पाहिजे. पारीत मीठ कमी असते, तिच्याबरोबर खाताना सारणाचं मीठ कमी लागतं.

हे पोलंडमधलं 'रुस्किए' सारण. नावावरून रशियन वाटतं, पण ते रुथेनिया या, आजच्या पश्चिम युक्रेनच्या आसपासच्या जुन्या प्रदेशावरून पडलं आहे. हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालायचा मोह मला कळतो. पहिल्या खेपेला तो आवरा. धुतलेली कोथिंबीर पाणी सोडते, आणि नेमकं कुठे चुकलं ते मग समजत नाही.

तपासा: चमचाभर सारण तळहातावर घेऊन वळा. गोळी वळली आणि तळहात कोरडा राहिला तर सारण तयार आहे. हात ओला झाला तर उकडलेला बटाटा आणखी घाला. कोरडं पीठ घालू नका, चव चिकट होते.

आता वेळ वाचवणारी गोष्ट. सगळ्या सारणाच्या १२ ते १५ ग्रॅमच्या, साधारण लहान लिंबाच्या निम्म्या आकाराच्या गोळ्या आत्ताच वळून ताटात मांडा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. साच्याचा खरा फायदा इथे मिळतो. उद्या हात सारणानं बरबटणार नाहीत, कडेला सारण लागणार नाही, आणि प्रत्येक पिएरोगीत सारखंच सारण जाईल.

कोबीचं सारण करणार असाल, म्हणजे आंबवलेला कोबी आणि वाळवलेली अळिंबी, पोलंडमध्ये २४ डिसेंबरच्या संध्याकाळी हेच असतं, तर कोबी घट्ट पिळून बारीक चिरा. त्याचा एखादा लांब धागा कडेत अडकला तरी तिथे वाट तयार होते. फळाचं सारण, जसं की ब्लूबेरी, असेल तर साखर आत घालू नका. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते. साखर ताटात, वरून.

३. कणिक: गरम पाणी, मऊ हात

मैदा परातीत घ्या, मीठ मिसळा. पाणी उकळून आच बंद करा, त्यात लोणी विरघळू द्या, दोन-तीन मिनिटं थांबा. मग थोडं थोडं ओतत चमच्यानं कालवा. हाताला सोसेल इतकं झालं की मळायला घ्या.

गरम पाणी का, हे नीट समजून घ्या, कारण साचा वापरणाऱ्यांना याची गरज जास्त आहे. थंड पाण्यात भिजवलेली कणिक रबरासारखी मागे ओढली जाते. ८ सेंटिमीटरची पुरी कापली की बघता बघता सातची होते, साच्याच्या कडेपर्यंत पोचतच नाही, आणि मग साचा दाबतो ते हवेला. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च थोडा फुलतो, पाणी धरून ठेवतो, आणि लाटलेली पारी आहे तिथे राहते. मोदकाच्या उकडीइतकं मात्र जायचं नाही. पीठ शिजवायचं नाही, फक्त गरम पाण्यानं भिजवायचं.

सात-आठ मिनिटं तिंबा. कणिक चपातीच्या कणकेइतकी मऊ हवी, करंजीच्या पिठाइतकी घट्ट अजिबात नको. मग तोच अंगठा: सहज खोल रुतला, बाहेर काढताना चिकटला नाही आणि खड्डा हळूहळू भरला, तर झालं. अंगठा अडला तर हाताशी ठेवलेल्या पाण्यात हात बुडवून पुन्हा मळा. गरम पातेलं पालथं घालून ३० मिनिटं झाकून ठेवा.

रवा घालू नका. कडकडीत मोहन घालू नका. करंजी खुसखुशीत होते ती मोहनानं, कारण ते पिठातली चिवट जाळी तोडतं. इथे त्याच जाळीनं सारण धरून ठेवायचं आहे. नुसत्या चपातीच्या पिठाच्या पिएरोग्याही मी केल्या आहेत. कोंडा कडेत राहतो आणि जोड कच्चा पडतो. घालायचंच असेल तर मैद्याच्या पाव हिश्शापर्यंत.

४. लाटणं: पिठी फक्त खालून

कणकेचे चार भाग करा. एक घ्या, तीन पातेल्याखालीच ठेवा. ओट्यावर पातळ पिठी भुरभुरून मोठी पोळी लाटा, जाडी साधारण २ मिलिमीटर. वरून पिठी टाकू नका. खालची बाजू कोरडी आणि वरची ताजी, जराशी चिकट राहिली पाहिजे. हा फरक पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

पोळी २ मिलिमीटरपेक्षा जाड ठेवायची इच्छा होते, फुटू नये म्हणून. पण साच्यात कडेला दोन थर येतात. तीनचे सहा होतात, पोट शिजतं आणि कड कच्च्या पिठाची राहते. ज्या पिएरोग्या 'कडेला दगड' लागतात त्या याच.

पुऱ्या साच्याच्या पाठीनंच कापा. बहुतेक साच्यांच्या मागच्या बाजूला कापायची गोल धार असते. नसेल तर साच्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर मोठ्या वाटीनं कापा. एका वेळी सहा ते आठच. सगळ्या पोळीच्या पुऱ्या पाडून ठेवल्या की शेवटच्यांच्या कडा सुकतात, आणि सुकलेली कड कितीही दाबली तरी चिकटत नाही. उरलेले तुकडे गोळा करून ओल्या पंचाखाली ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा लाटता येतात.

५. साचा भरणं आणि मिटणं

इथे घाई करू नका. पहिल्या दहा पिएरोग्या सावकाश करा, हाताला लय सापडली की वेग आपोआप येतो.

पुरी हातात घेऊन खालची पिठी झटका. साच्यात ठेवताना पिठी लागलेली बाजू साच्याकडे, ताजी बाजू तुमच्याकडे. म्हणजे साच्याला पुरी चिकटत नाही, आणि मिटल्यावर दोन ताज्या बाजू एकमेकींना भेटतात. बहुतेकजणी नेमकं उलट ठेवतात आणि पिठावर पीठ दाबत बसतात.

पुरी साच्याच्या दोन्ही खळग्यांत बोटानं हलकेच बसवा. ताणून ठेवलेली पुरी मिटताना पोटाशी विरते. गोळी मध्ये ठेवा आणि बिजागरीच्या रेषेत बोटानं जरा लांबट दाबा, छोट्या वातीसारखी. गोल गोळी तशीच ठेवली तर मिटताना तिच्या दोन्ही बाजूंना हवा अडकते.

सारण कमी घातलं तर करंजीसारखाच खुळखुळा होतो, आणि पाण्यात तो नुसता खुळखुळा राहत नाही. आतली हवा गरम होऊन फुगते आणि कड उघडते. जास्त घातलं तर मिटताना सारण कडेत येतं. कडेवर बटाट्याचा एक कण दिसला तरी तो कोरड्या बोटानं पुसून मगच मिटा.

साचा अर्धा मिटा, थांबा, उघड्या तोंडातून हवा निघू द्या, मग पूर्ण दाबा. तीनपर्यंत मोजा. कडेबाहेर आलेली जादा कणिक साचा मिटलेला असतानाच चाकूनं काढा.

कडेला पाणी लावायचं का? कणिक ताजी असेल तर गरज नाही. सुकली असं वाटलं तर बोट ओलं करून, झटकून, एकदाच फिरवा. जास्त पाणी लावलेली कड बुळबुळीत होते आणि दाबताना सरकते.

आता साच्यावर विसंबणाऱ्या सगळ्याजणी सोडून देतात ते काम. साच्यातून काढलेली पिएरोगी डाव्या हातावर घ्या आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं व तर्जनीनं संपूर्ण कड एकदा चिमटत जा. आजी हे करतात तेव्हा त्यांचा अंगठा एका टोकाला सुरू होतो आणि न थांबता दुसऱ्या टोकाला पोचतो, आठ-नऊ चिमटे. कुठे कणिक बोटाखाली दोन थरांत सरकली तर तिथे त्या परत येतात. बोटांना ते कळतं. साच्याची नक्षी यात थोडी पुसट होते, होऊ द्या. आणि ज्यांना करंजीला मुरड घालता येते त्यांनी शेवटच्या दहा-बारा साच्याशिवाय, मुरड घालून करून बघाव्यात. पोलंडमध्येही हातानं तशीच झालर घालतात, आणि त्या कडा सहसा उलत नाहीत.

तपासा: पिएरोगी उजेडासमोर धरा. कडेलगत पोकळ, फिकट पट्टा दिसला तर आत हवा आहे. तिथे सुई टोचू नका. कड जरा उघडून, हवा दाबून काढून पुन्हा चिमटा.

तयार पिएरोग्या पिठी भुरभुरलेल्या कोरड्या पंचावर, एकमेकींना न चिकटतील अशा मांडा आणि वरून दुसरा पंचा टाका. तासाभरात उकळायच्या नसतील तर सरळ गोठवा. जास्त वेळ तशाच ठेवल्या तर खालची पारी ओलसर होऊन कापडाला धरते, आणि उचलताना भोक पडतं.

६. उकळणं

रुंद पातेल्यात चार लिटर पाणी, दीड मोठा चमचा मीठ. पाण्याला खळखळून उकळी आली पाहिजे.

पहिली एकच टाका. हे वगळू नका. एक फुटली तर पन्नास वाचतात. ती उलली तर जोड बघा. कडेत पिठी दिसत असेल तर पुरी उलटी ठेवली गेली. सारण दिसत असेल तर गोळी मोठी झाली. कड सरळ रेषेत उघडली असेल तर कणिक सुकली होती. पोटाशी फाटली असेल तर पुरी ताणली गेली. उरलेल्यांच्या कडा त्याप्रमाणे पुन्हा चिमटून घ्या.

मग एका वेळी दहा-बारा, एकेक करून सोडा. सोडल्या सोडल्या लाकडी चमच्याच्या दांड्यानं तळाशी हलकेच एक फेरी मारा, नाहीतर त्या तळाला चिकटतात आणि सोडवताना फाटतात. त्या वर येईपर्यंत आच मोठी, वर तरंगल्या की मध्यम. पाणी रटरटत राहू द्या, खदखदू देऊ नका. तरंगल्यानंतर दोन ते तीन मिनिटं. बटाट्याचं सारण शिजलेलंच असतं, वेळ फक्त पारीसाठी द्यायचा आहे.

तपासा: एक काढून पोट नाही, कड कापून बघा. मध्ये पांढरी कोरडी रेघ दिसली तर आणखी एक मिनिट.

काढायच्या झाऱ्यानंच, दोन-दोन, तीन-तीन. पातेलं चाळणीत ओतू नका, खालच्या वरच्यांच्या वजनानं चेपतात. ताटात काढल्याबरोबर वितळलेलं लोणी लावा, नाहीतर दोन मिनिटांत त्यांचा एक गठ्ठा होतो. दुसरा घाणा सोडण्याआधी पाण्याला पुन्हा पूर्ण उकळी येऊ द्या. कोमट झालेल्या पाण्यात पारी पाणी पिते आणि गिळगिळीत होते.

७. वाढणं आणि ठेवणं

कांद्याखाली जमलेलं लोणी गरम करून वरून घाला, थोडा जादा परतलेला कांदा घाला. पोलंडमध्ये बाजूला आंबट साय असते. भारतात घट्ट दही आणि दुधाची साय सारख्या प्रमाणात फेटून घ्या, चिमूटभर मीठ.

उरलेल्या उकडलेल्या पिएरोग्या दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळू नका. तव्यावर लोण्यात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं परता, सोनेरी आणि कडेला कुरकुरीत होतात. आमच्या घरी मुलं याच आवडीनं खातात, म्हणून मी मुद्दाम जास्त करते.

गोठवायच्या असतील तर कच्च्याच. पिठी लावलेल्या ताटात सुट्या मांडून दोन तास फ्रीजरमध्ये, दगडासारख्या झाल्या की पिशवीत भरा. दोन महिने छान राहतात. वापरताना बाहेर काढून वितळवू नका. वितळलेली पारी चिकटते आणि फाटते. थेट फ्रीजरमधून उकळत्या पाण्यात, एका वेळी सहा-आठच, आणि तरंगल्यावर दोन मिनिटं जास्त.

शेवटी साचा. तो लगेच थंड पाण्यात टाका. गरम पाण्यानं दातांमधली कणिक तिथेच शिजते आणि डिंकासारखी बसते, शिवाय प्लास्टिकचा साचा वाकतो. दहा मिनिटं भिजला की जुन्या दातघासणीनं दात आणि बिजागरीची फट घासा, पुसून उघडाच वाळत ठेवा. पुढच्या वेळी काढलात की आधी कागदाची पट्टी ओढून बघा.